हिला फक्त माझंच ऐकू येत नाही

३ फेब्रुवारी, सकाळी
नवी डायरी. मुलीने पाठवली. कागद बरा, पण ओळी फार लांब लांब आखल्यात. माझं अक्षर त्यात मुंगीसारखं दिसतं. छापणाऱ्याची चूक.

आजपासून रोज लिहायचं. कारण या घरात माझं ऐकणारं कुणी राहिलेलं नाही. निदान कागद तरी ‘काय?’ म्हणणार नाही.

थोडक्यात परिस्थिती अशी. गेल्या वर्षी डाव्या हाताची बोटं आपली आपण हलायला लागली. डॉक्टरांनी मला चालवून पाहिलं, बोटं आपटायला लावली, नाकाला हात लावायला लावला आणि पार्किन्सन म्हणून सांगितलं. मी म्हटलं, चालेल. हात डावा आहे, कामं उजव्याने होतात. गोळ्या घेतो. वेळेवर घेतो, म्हणजे ही देते तेव्हा घेतो. बाकी ठणठणीत. जन्मभर घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारले. फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्यांना माझ्या आवाजावरून टोमॅटोचा भाव कळायचा. असा आवाज असलेल्या माणसाला काय धाड भरलीय?

खरा आजार हिला झालाय. हिचे कान गेले. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, सगळी नोकरी कानाला यंत्र लावून केली. त्याचे भोग आता. मी काही म्हटलं की ‘काय?’ पुन्हा म्हटलं की ‘काय म्हणालात?’ तिसऱ्यांदा मी सांगत नाही. लिलावातसुद्धा तीनदा पुकारल्यावर कुणाची वाट बघत नाहीत, आणि मी तर स्वाभिमानी माणूस.

संकल्प: हिला सांभाळून घ्यायचं. चिडायचं नाही.

५ फेब्रुवारी
औषधाच्या दुकानात भिंतीवर कागद लावलेला. पार्किन्सनवाल्यांचा आधारगट, दर बुधवारी, व्यायामशाळेच्या वरचा हॉल, घरच्यांनीही यावं. हिने लगेच फोटो काढला. मी म्हटलं, आधार वेलीला लागतो, मला नाही. ही म्हणाली, काय? दुकानदारही म्हणाला, काय? दुकानात तेव्हा आम्हीच होतो, पण पंखा चालू होता.

ठरलं, जायचं. पेशंट म्हणून नव्हे, मार्गदर्शक म्हणून. माझ्यासारखा धडधाकट माणूस बघून बिचाऱ्यांना उमेद येईल.

११ फेब्रुवारी, रात्री जेवणाआधी
गेलो. जिना एका दमात चढलो, ते कुणी पाहिलं नाही. हॉलच्या दारात मात्र थोडा थांबलो, ते सगळ्यांनी पाहिलं. पाय उंबऱ्यापाशी चिकटून बसले. फरशी नुकतीच पुसलेली असावी. मागे माणसं खोळंबली. ही माझा दंड धरून ओढायला लागली, त्याने तर आणखीच रुतलो. एवढ्यात आतून एक गृहस्थ आला. पांढऱ्या मिशा, चकाकणारे बूट, हात माझ्यापेक्षा दुप्पट थरथरतो. त्याने टाळ्या वाजवत ‘डावा! उजवा! डावा!’ असं सुरू केलं. योगायोगाने नेमका त्याच वेळी मी निघणारच होतो, निघालो. हॉलमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. हिनेही वाजवल्या. टाळी दोन्ही हातांनीच वाजते हे मान्य, पण हिने जरा जास्तच जोर लावला.

गृहस्थ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. सगळे त्याला बँडमास्तर म्हणतात. आठ-नऊ वर्षं झाली त्याला हा आजार होऊन. त्याचा त्याला जणू अभिमान आहे. सीनियर आहे ना!

मग ओळखी झाल्या. गट चालवणाऱ्या ताईंनी माझ्यापुढे माईक धरला, मी तो बाजूला केला. माईक अशक्तांना. बाजारातल्या आवाजात माझं आयुष्य, माझी मतं, आजाराकडे कसं बघावं, सगळं सांगितलं. संपलं तेव्हा हॉलमध्ये शांतता. छाप पडली. ताई म्हणाल्या, छान, आणि पुढच्याकडे वळल्या. बँडमास्तराची पाळी आली. तो एवढंच म्हणाला की, पूर्वी मी वाजवायचो तेव्हा लोक डोलायचे, आता लोक बसलेत आणि मीच डोलतो. सगळा हॉल खोखो हसला.

ही पण हसली. डॉक्टरांकडून आलो त्या दिवसापासून हे हसणं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं कानांबरोबर तेही गेलं.

१३ फेब्रुवारी
घरात नवीन वेद सुरू झालाय: मास्तर म्हणतात.

गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवा, मास्तर म्हणतात. खुर्चीतून उठताना पाय मागे घ्या आणि नाक पुढे काढा, मास्तर म्हणतात. शर्टाला बटणांऐवजी चिकटणाऱ्या पट्ट्या लावून मिळतात, मास्तर म्हणतात. भरपूर पाणी प्या, मास्तर म्हणतात. पाणी प्यावं हे मीसुद्धा सांगितलं असतं. विचारलं का कुणी?

हिच्याकडे त्याचा फोन नंबर आहे. कशाला, म्हणून विचारलं. ही म्हणाली, काय? बघा, सोयीस्कर बहिरेपणा.

१६ फेब्रुवारी, दुपारी
आज हद्द झाली. सकाळी उठलो तर बाथरूमच्या दारात, स्वयंपाकघराच्या दारात, पलंगाशेजारी, सगळीकडे जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या. आडव्या, एकेका पावलाच्या अंतराने. पट्टी बघून ती ओलांडायला गेलं की पाय अडत नाही म्हणे. कोण म्हणतं? मास्तर म्हणतात.

माझ्या घरात परपुरुषाच्या पट्ट्या! ही बाजारात गेल्यावर बाथरूमपुढच्या सगळ्या उपटून काढल्या. वाकणं, खरवडणं, चांगला व्यायाम झाला. मग हात धुवायला निघालो.

संध्याकाळी
पुढचं लिहिणार नव्हतो, पण डायरीशी प्रामाणिक राहायचं ठरवलंय. बाथरूमच्या दारात थोडा वेळ उभा होतो. विचार करत होतो. बऱ्याच विषयांवर विचार झाला. ही भाजी घेऊन आली तेव्हाही विचार चालूच होता. हिने माझ्या हातातला चिकट गोळा बघितला. गुडघ्यांवर बसून नव्या पट्ट्या लावल्या. उठताना हिचे गुडघे कडकड वाजले. मी म्हटलं, राहू दे गं, तुझे गुडघे दुखतील. अगदी स्पष्ट म्हटलं. हिने मान वर केली नाही.

पट्टी ओलांडून आत गेलो. पट्ट्यांमुळे नव्हे, हिचं मन राखायला.

१८ फेब्रुवारी
गट. गाण्यावर व्यायाम. बँडमास्तर पुढे उभा राहून तोंडाने ढोल वाजवतो आणि बाकीचे पाय उचलतात. मी मागच्या रांगेत स्वतःच्या तालावर केलं. माझा ताल वेगळा आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणेल, पण तिथली फरशी खरंच वाकडी आहे.

घरच्यांनाही नाचायला बोलावलं. ही माझ्याजवळ येईल म्हणून हात पुढे केला. तेवढ्यात बँडमास्तराने तिला पहिल्या रांगेत बोलावलं, बाई तुमचा ताल पक्का आहे म्हणून. गेली. नाचली! ही! जिला आमच्या मुलीच्या लग्नातसुद्धा मी दोन पावलं टाकायला लावू शकलो नव्हतो. माझा पुढे केलेला हात तसाच हलत राहिला. बाजूच्या आजींनी तो धरला. त्यांना वाटलं त्यांच्यासाठीच होता.

जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? इथे कोण वाचतंय!

शेवटी सगळ्यांचा फोटो झाला. मी ठरवून सगळ्यांत रुंद हसलो. त्या मिशीवाल्यापेक्षा रुंद.

२१ फेब्रुवारी
फोटो आला, हिच्या फोनवर. फोटो काढणाऱ्याला अक्कल नाही. सगळे हसतायत आणि मध्ये मी, कुणाच्या तरी शोकसभेला उभा असल्यासारखा. तोंडावरची माशी हलत नाही. मी हसायच्या आधी बटण दाबलं असणार.

ही फोटो बोटांनी मोठा करून माझा चेहरा बराच वेळ बघत होती. मग फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, अहो, तुम्ही माझ्यावर रागावलाय का?

भलताच प्रश्न. मी म्हटलं, नाही गं, तुझ्यावर कशाला रागावीन? 

ही म्हणाली, काय?

आता हे काय तीनदा सांगायचं? मी गप्प बसलो. ही उठून आत गेली. नळ बराच वेळ चालू ठेवला होता. भांडी तर दोनच होती.

२४ फेब्रुवारी
शांत डोक्याने विचार केला. सगळ्याचं मूळ हिचे कान. मी गोड बोलतो, ते हिच्यापर्यंत पोचत नाही, बँडमास्तर बोंबलतो, ते पोचतं. म्हणून तो आवडतो. एकदा श्रवणयंत्र बसलं की मास्तराचं दुकान बंद.

मुलीला फोन करून सांगितलं की आईचे कान तपासायचेत. ती म्हणाली, बाबा, मोठ्याने बोला, लाइन खराब आहे. आईकडून वारसा!

हिला चिठ्ठी लिहून दाखवली. डोळे बारीक करून, चष्मा लावून, शेवटी भिंग आणून वाचली. म्हणाली, एवढ्या बारीक अक्षरात कशाला लिहिता? म्हणजे आता डोळेही. बिचारी. एक-एक करून सगळं जातंय हिचं. मोठ्या मनाने म्हटलं, खर्चाचा विचार करू नकोस.

२६ फेब्रुवारी
कान तपासून आणले. काचेच्या खोलीत बसवतात, कानात बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. ही सारखी बटण दाबत होती. मला वाटलं, नसलेलेही आवाज ऐकू येतायत, केस गंभीर आहे.

तपासणारा बाहेर आला आणि हसून म्हणाला की बाईंचे कान तरण्या पोरीसारखे आहेत. शेजारच्या खोलीत टाचणी पडली तर कुठल्या कोपऱ्यात पडली तेही सांगतील.

मी म्हटलं, यंत्र नीट आहे का? तो म्हणाला, काय?

घरी येताना ही खुशीत होती. मी नव्हतो.

२७ फेब्रुवारी
सबंध दिवस विचार केला. हिला टाचणी ऐकू येते, दुधाची पिशवी दाराबाहेर ठेवलेली ऐकू येते. वरच्या मजल्यावरचे वकील शिंकले की ही खालून जपून राहा म्हणते. मास्तराचा तर फोन वाजायच्या आधीच ऐकू येतो.

हिला फक्त माझंच ऐकू येत नाही.

याचा अर्थ एकच. ऐकायचं नाही. माणूस मनातून उतरला की कानातूनही उतरतो.

ही घर सोडून जाईल असं मी म्हणत नाही. या वयात कोण कुठे जातंय, आणि हिची सगळी भांडी इथे आहेत. पण हिचं हसणं गेलंय दुसरीकडे. ते माझं होतं. बाजारातून आलो की भाव कसे चढवले याच्या नकला करायचो आणि ही हातातलं काम टाकून हसायची. आता तो थरथर्‍या मिशीवाला आयतं घेऊन गेला. कानामागून आला आणि तिखट झाला.

संकल्प: पुरावा गोळा करणे.

४ मार्च, संध्याकाळी
आज गटात फक्त घरच्यांची बैठक होती. पेशंटची काळजी घेणाऱ्यांनी आपसात मन मोकळं करायचं, असा कार्यक्रम. ही एकटी गेली. पावडर लावून गेली. मी ठरवल्याप्रमाणे तासाभराने मागून निघालो. टोपी, काळा चष्मा, मफलर. बाजारात दलालांवर नजर ठेवण्याचा अनुभव आहे.

व्यायामशाळेपुढे छोटी बाग आहे. बघतो तर बैठक सुटलेली, आणि बाकावर ही. शेजारी बँडमास्तर. घरच्यांच्या बैठकीत याचं काय काम? ही डोळे पुसतेय आणि तो रुमाल देतोय. हात एवढा हलतोय की रुमाल नुसता फडफडतोय.

झाडाआड थांबून ऐकायचं असा बेत होता. पण उतार लागला. पाय छोटी छोटी पावलं टाकायला लागले, मग भराभर, मग आणखी भराभर, आणि मला काही विचारेनात. मी झाडापाशी थांबलो नाही. बाकापाशीही थांबलो नाही. दोघांच्या नाकासमोरून टोपी-चष्म्यासकट तुरुतुरु गेलो आणि मेंदीच्या कुंपणात कंबरेपर्यंत शिरून थांबलो.

मागून बँडमास्तर म्हणाला, कोण हो हे? ही म्हणाली, आमचे आहेत.

दोघांनी मिळून मला बाहेर काढलं. त्याने माझ्या मफलरमधली पानं काढली. मी त्याला चांगलंच सुनावलं की परक्या बायकांना बागेत रडवणं शोभतं का. तो म्हणाला, अगदी बरोबर, अगदी बरोबर. निर्लज्ज.

अचानक समोर येऊन जाब विचारण्याचा बेत एकंदरीत यशस्वी.

५ मार्च
ही का रडत होती, ते विचारलं नाही. हिने सांगितलं नाही. मी ओरखड्यांना मलम लावून घेतलं. हिनेच लावलं. मलम लावताना मी म्हटलं, तू त्याच्यापाशी रडतेस, माझ्यापाशी का नाही? हिने हात थांबवला, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, पुन्हा पुटपुटताय. द्या एकदा शिव्या मोठ्याने आणि मोकळे व्हा.

शिव्या?

९ मार्च
तीन दिवस बोलायचं सोडून दिलंय. निषेध म्हणून. हिच्या लक्षातही आलेलं नाही.

११ मार्च
आज सगळ्यांच्या देखत निकाल लावायचा, असं ठरवून गेलो. दारात पाय अडला नाही. रागात असलो की अडत नाही, हे नोंदवून ठेवतो. मास्तरांना हे म्हणायला सुचलेलं नाही.

पण ताईंनी एका पाहुण्या बाईंना बोलावलं होतं. त्या आवाजाचे व्यायाम घेतात. हातात एक डबी, तिच्यावर आकडे. बोललं की आवाज किती मोठा ते आकड्यांत दिसतं. माझ्या मनात आलं, देव पावला. आज आकड्यांतच सिद्ध होईल, कुणाचा आवाज आणि कुणाचं नुसतं तुणतुणं.

सगळ्यांना लांब ‘आ’ म्हणायला लावलं. बँडमास्तर ट्रम्पेटवाला, फुफ्फुसं भरून म्हणाला. आकडा चढला. लोक वा म्हणाले. मग मी उठलो. ही शेजारीच बसली होती. मी छाती भरली आणि बाजारातला, फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्यांसाठीचा आवाज काढला.

आकडा हलला नाही.

मी म्हटलं, सेल गेले असतील. बाईंनी डबी माझ्या तोंडाजवळ आणली. पुन्हा काढला. जेमतेम हलला. बाई म्हणाल्या की आजोबा, आता प्रत्यक्ष ओरडा. मी म्हटलं, ओरडतोच आहे. त्यांनी हिच्याकडे पाहिलं, हिने मान हलवून नाही म्हटलं.

मग त्या बाईंनी त्यांच्या फोनवर माझं बोलणं टेप केलं. काहीही बोला म्हणाल्या. मी डबीत काय दोष आहे ते चांगलं मिनिटभर खणखणीत सांगितलं. त्यांनी ते परत लावलं, फोनचा आवाज पूर्ण मोठा करून.

कुठलातरी म्हातारा होता. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. शब्द एकात एक गेलेले, एक सूर, ना वर ना खाली. मध्येच कुठेतरी ‘सेल’ असं कळत होतं. मी विचारलं, हा कोण?

कुणी हसलं नाही. बँडमास्तरसुद्धा नाही.

बाई समजावून सांगत होत्या की या आजारात असं होतं. आपल्याला वाटतं आपण ओरडतोय, आणि बाहेर कुजबुज पडते. चेहऱ्याचंही तसंच, आतून हसलं तरी बाहेर उमटत नाही. दोन्हींवर व्यायाम आहेत, रोज करावे लागतात. मी डबीकडे बघत होतो. ही माझ्याकडे बघत होती. हिने तोंडावर हात ठेवला होता.

१२ मार्च, सकाळी
काल बसस्टॉपवर ही बोलली. बस आली, गेली, दुसरी आली, तीही गेली.

हिला वाटत होतं, मी हिच्याशी बोलणं टाकलंय. वर्षभर. चेहरा दगडासारखा, काही विचारलं तर तोंडातल्या तोंडात काहीतरी, आणि पुन्हा विचारलं तर गप्प. आजार झाला त्याचा राग मी हिच्यावर काढतोय असं वाटलं हिला. रात्र रात्र झोपत नव्हती. गटात गेल्यावर एकदा धीर करून मास्तराला विचारलं, या आजारात माणसाला बायको नकोशी होते का हो? तो म्हणाला, त्यांनाच विचारा. ही म्हणाली, विचारलं मी, उत्तर दिलं नाही. बागेत रडत होती ती हेच सांगून.

मी म्हटलं, दिलं होतं उत्तर.

ही म्हणाली, काय?

पहिल्यांदाच मला त्या ‘काय’चा राग आला नाही. लाज वाटली. पण सगळ्यांदेखत बसस्टॉपवर ओरडणं बरं दिसत नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं नाही. घरी जाऊन पूर्ण तयारीनिशी सांगायचं.

मास्तराबद्दल माझं मत होतं तेच कायम आहे. आधी हिने मला विचारायला हवं होतं. विचारलं होतं, हे खरं. पण मी बोललोही होतो.

१५ मार्च
व्यायाम जोरात. बाईंचं म्हणणं, स्वतःला निर्लज्ज वाटेल एवढ्या मोठ्याने बोला, म्हणजे लोकांना साधं ऐकू येईल. बाथरूममध्ये कोंडून घेऊन करतो. आरशात बघून भुवया उडवतो, गाल फुगवतो, दात दाखवतो. आरशातला माणूस अजून तरी सहकार्य करत नाही.

भाषण तयार केलंय. थाटात करायचं. राग नाही, उलट. मधल्या भागात हिच्या कष्टांचा उल्लेख. शेवटी एखादी जुनी नक्कल. ही हातातलं काम टाकून हसणार, मास्तर आपोआप विस्मरणात.

मुहूर्त: उद्या चहाच्या वेळी.

१६ मार्च
चहा झाला. ही कप विसळायला उठली. मी पाय मागे घेतले, नाक पुढे काढलं, उभा राहिलो, श्वास भरला आणि पोटातून ओरडलो, मी तुझ्यावर रागावलेलो नाही!

हिच्या हातातला कप पडला. फुटला. चेहरा हसरा ठेवायला विसरलो होतो. म्हणजे दगडी तोंड, हलणारा हात आणि ती आरोळी. वरचे वकील धावत खाली आले, दार वाजवून विचारायला लागले की वहिनी, सगळं ठीक आहे ना? हिने दार उघडून सांगितलं की हो, ते माझ्यावर रागावलेले नाहीत. वकील माझ्या तोंडाकडे बघत, मान हलवत गेले. पटलं नाही त्यांना.

दार लावून ही आली, समोर बसली. भाषणाचं पुढचं आठवेना. हिने विचारलं, मग वर्षभर काय पुटपुटत होतात?

चांगला प्रश्न. वर्षभराचं बोलणं आठवून पाहिलं. किती गोड बोललो असेन, वाया गेलं बिचारं. आठवलं ते असं: चष्मा कुठे ठेवलास. चहा गार झालाय. पंखा कमी कर. दाराला कडी लाव. वर्तमानपत्र कुणी चुरगळलं. एकदा गुडघ्यांबद्दल बोललो होतो. आणि एकदा रागावलो नाही असं. बाकी सगळा चहा आणि पंखा.

हे काय सांगायचं? मी श्वास भरून ओरडलो, तू छान दिसतेस, असं म्हणत होतो!

ही म्हणाली, रोज? मी ओरडलो, रोज!

ही म्हणाली, खोटं. साफ खोटं. पण ऐकू आलं.

आणि हसली. कपाचे तुकडे तसेच टाकून, पदर तोंडाला लावून हसली. वरून वकिलांनी जमिनीवर काहीतरी आपटलं. ही म्हणाली, आपटू देत, पुन्हा म्हणा. पुन्हा म्हटलं.

मग मला वाटलं, आपण मोठं मन दाखवावं. जिंकलेल्याने दाखवायचंच असतं. म्हटलं, तुझ्या मास्तराला फोन करून कळवायचं असेल तर कळव, माझी हरकत नाही.

ही पदराआडून म्हणाली, कोण मास्तर?

आता विसरली ही. म्हणून मग कोण मास्तर ते समजावून सांगायला बसलो. मिशा, बूट, टाळ्या, पट्ट्या, बाग, रुमाल, मेंदीचं कुंपण, सगळं पहिल्यापासून, मला कसं कसं वाटलं त्यासकट. घसा बसेपर्यंत सांगितलं. ही हनुवटीला हात लावून ऐकत होती. अंधार पडला तरी उठली नाही, आणि एकदाही ‘काय?’ म्हणाली नाही.